अर्थशास्त्र शिकवता शिकवता कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई कोरेगावच्या. अर्थशास्त्रात पीएचडी, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेली, साताऱ्यात सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळतात त्या तत्त्वावर, शिकवतात. मामांची १७ गुंठे जमीन हायवेत गेली. मामांचे वकील म्हणाले, "घरातच डॉक्टरेट आहे तर बाहेरचा माणूस कशाला? भाचीलाच साक्षीला घालू." त्यावरून ताईंच्या मनात आलं की हे काम पुढे नियमित करता येईल का. शिरायचं कसं, फी किती घ्यायची, कॉलेज आडवं येईल का, असं सगळं त्यांनी विचारलंय.

मी सांगलीत ३१ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातली २२ वर्षं अधूनमधून कोर्टात साक्षीला जात राहिलो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे स्टाफरूममध्ये दर तारखेला कुणी ना कुणी ऐकवायचंच. मामांचं शेवटी सांगतो, कारण ते उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

आधी पोटापाण्याचं. सातारा-सांगलीत नुसत्या साक्षी देऊन घर चालत नाही. माझ्याकडे वर्षाला दोन, फार तर तीन प्रकरणं यायची. त्यातल्या निम्म्यांत माझा अहवाल वाचून वकीलच तो बाजूला ठेवायचे, कारण आकडा त्यांच्या मनासारखा नसायचा. म्हणजे पिंजऱ्यात उभं राहायची वेळ दोन वर्षांतून दोन-तीनदा. पगार शिकवण्याचा, हे वरकड. पूर्णवेळ हेच करायचं असेल तर दिल्ली-मुंबईला जावं लागेल. तिथे स्पर्धा आयोगापुढची प्रकरणं चालतात, मोठ्या कंपन्यांचे लवाद चालतात, आणि अर्थतज्ज्ञांच्या सल्लागार संस्था तेवढ्यासाठीच माणसं ठेवतात. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या ३६ व्या कलमात आयोगाला अर्थशास्त्रातले तज्ज्ञ बोलावता येतात असं स्पष्टच लिहिलंय, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर पक्षकारांनाही तसे तज्ज्ञ उभे करता येतात. तुमचं वय बसत असेल आणि औद्योगिक अर्थशास्त्र, इकॉनोमेट्रिक्स यांत हात चालत असेल तर त्या वाटेचा विचार जरूर करा. मी केला नाही. घर, आई-वडील, चार एकर ऊस, अशी आपल्याकडची नेहमीची कारणं.

आता कायद्यात आपली जागा कुठे आहे ते बघा. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ४५ वं कलम परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांबद्दल तज्ज्ञाचं मत चालतं असं म्हणायचं. अर्थशास्त्र हे 'विज्ञान' आहे की नाही यावर समोरचे वकील अर्धा तास सहज खायचे. एकदा तर मला विचारलं, "दोन अर्थतज्ज्ञांचं कधी एकमत होतं का?" मी म्हटलं, "दोन वकिलांचं होतं का?" न्यायाधीश साहेब हसले, पण ते उत्तर रेकॉर्डवर घेतलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि त्याच्या ३९ व्या कलमात 'इतर कोणतेही क्षेत्र' असे शब्द आले. तेव्हापासून त्या वादातला जीव गेला.

दार उघडलं म्हणजे आत बसायला पाट मिळाला असं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल हा निकाल मिळवून वाचा. सफरचंदांच्या बागांचं प्रकरण आहे. बागेतून किती माल निघू शकतो याचा अंदाज फलोद्यान खात्याच्या एका अधिकाऱ्यानं झाडं मोजून दिला होता. कोर्टानं त्याला तज्ज्ञ मानलं नाही. तज्ज्ञाचं काम निकाल सांगण्याचं नसून न्यायाधीशाला स्वतः तपासून बघता येईल अशी मोजपट्टी हातात देण्याचं आहे, असं त्या निकालाचं सांगणं आहे. आपल्याकडे द्राक्षबागांच्या, डाळिंबाच्या केसमध्ये "माझा २० वर्षांचा अनुभव आहे" एवढ्यावर एकरी उत्पन्न सांगणारे साक्षीदार अजून येतात. ते कसे पडतात ते मी जवळून पाहिलंय. पहिल्यांदा तर मीच पडलो.

ती केस हळदीची होती. दोन भागीदार व्यापारी. एकानं माल विकला, दुसरा म्हणाला कवडीमोलानं विकला, माझं नुकसान भरून द्या. मी दावेदाराच्या बाजूनं. सांगली बाजार समितीचे हंगामभराचे रोजचे भाव उतरवून घेतले, त्यांची सरासरी काढली, प्रत्यक्ष विक्रीच्या भावाशी फरक घेतला, क्विंटलनं गुणलं. ४२ पानांचा अहवाल, तीन आलेख, मागे इंग्रजी ग्रंथांची यादी. राजवाड्याच्या आवारातलं जुनं कोर्ट, एप्रिलचा महिना, वर पंखा कुरकुरतोय. सरतपासणी, म्हणजे आपल्याच वकिलाचे प्रश्न, पाच मिनिटांत आटोपली.

मग समोरचे वकील उठले. साठीचे, आवाज अगदी मऊ. त्यांनी खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि माझ्यासमोरच्या कठड्यावर दोन तुकडे ठेवले.

"सर, हे काय आहे?"

"हळद."

"दोन्ही?"

"हे हळकुंड, आणि हा गड्डा."

"बरोबर. दोन्हींचा सौदा एकाच भावात होतो?"

"नाही."

"पॉलिश केलेला आणि न केलेला माल एका भावात जातो?"

"नाही."

"तुमच्या तक्त्यात भावाचे रकाने किती आहेत?"

मी तक्ता बघितला. बघायची गरज नव्हती. "एक."

ते घाईत नव्हते. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. तुकडे तिथेच राहू दिले. मग विचारलं, "मार्चमध्ये आवक किती होती? आणि जूनमध्ये?" माझ्याकडे आवक नव्हतीच. मी फक्त भाव घेतले होते. "हळदीचा सौदा कधी उभं राहून बघितलाय?" हरिपूरपासून दोन मैलांवर राहणारा माणूस मी, आणि बघितला नव्हता. साहेबांनी लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली: "हे म्हणणे खरे आहे की, मी हळदीचे सौदे प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. हे म्हणणे खरे आहे की, माझ्या अहवालात मालाची प्रतवारी विचारात घेतलेली नाही." आपलंच अज्ञान त्या सरकारी मराठीत, सावकाश, टाइपरायटरच्या तालावर ऐकणं काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

आवकेचा मुद्दा किती मोठा आहे ते साध्या उदाहरणावर बघा. समजा मार्चमध्ये ९,००० क्विंटल माल २,००० रुपयांनी गेला आणि जूनमध्ये १,००० क्विंटल ३,००० नी. दोन भावांची सरळ सरासरी २,५००. पण मालाच्या वजनानं काढलीत तर २,१००. बाजारात बहुतेकांच्या हातात पडलेला भाव हा दुसरा. मी पहिला धरला होता, आणि तो माझ्या पक्षकाराला सोयीचा होता. मुद्दाम धरला नव्हता. पण पिंजऱ्यात हे कोण मानेल? बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी भारित सरासरी दरसाल शिकवत होतो.

निकालपत्रात माझ्या ४२ पानांना अडीच ओळी मिळाल्या.

पुढचा अख्खा हंगाम मी सकाळची लेक्चर्स उरकून मार्केट यार्डात उभा राहिलो. अडत्याच्या गादीवर बसून पट्ट्या वाचायला शिकलो: भाव वर लिहिलेला, खाली हमाली, तोलाई, अडत, आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम सगळ्यात शेवटी. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे, उतरून बघितली. पेवात हळद वर्षानुवर्षं राहते हे आपल्याला माहीत असतं, पण त्यातला अर्थशास्त्राचा धडा तिथे गेल्यावर कळला. माल टिकतो म्हणूनच 'त्या दिवशी विकायलाच नको होतं' असा दावा करता येतो. टोमॅटोवाल्याला तो करता येत नाही. मात्र थांबणं फुकट नसतं. पेवाचं भाडं, अडकलेल्या पैशावरचं व्याज, वजनातली घट, आणि २००५ सारखा पूर आला तर पेवासकट माल गेला. हे वजा न करता नुकसान मांडलंत तर ते नुकसान नव्हे, तो पश्चात्ताप. कोर्ट पश्चात्तापाची भरपाई देत नाही.

तुमचा खरा प्रश्न, म्हणजे काम कुठे आहे, त्याकडे येतो.

मोटार अपघाताच्या दाव्यांत अर्थतज्ज्ञाला पुष्कळ वाव असेल असं बाहेरून वाटतं. तसा तो नाही. सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत सूत्रच बांधून दिलंय. समजा ३८ वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस गेला, मागे बायको, दोन मुलं आणि आई. महिना २०,००० उत्पन्न शाबीत झालं तर वर्षाचे २,४०,०००. पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवा, ३,३६,०००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, २,५२,०००. या वयाला गुणक १५. झाले ३७,८०,०००. यात मत द्यायला जागाच नाही, न्यायाधीश कागदावर मांडतात. पण उत्पन्न २०,००० ऐवजी १२,००० धरलं गेलं तर तीच रक्कम २२,६८,००० वर येते. पंधरा लाखांचा फरक. म्हणजे सगळी लढाई पहिल्या आकड्याची. आणि रिटर्न न भरणाऱ्या माणसाचं उत्पन्न कागदांतून उभं करणं हे काम वकिलाला जमत नाही, सीएला त्यात रस नसतो. तिथे आपण.

त्यातही शेतकरी असला तर जपून. सातबारावर तीन एकर द्राक्ष दिसली की नातेवाईक बागेचं सगळं उत्पन्न मयताच्या नावावर मांडतात. पण माणूस गेला तरी बाग जागेवर असते. गेलं ते त्याचं राबणं, छाटणी कधी घ्यायची, फवारणी कधी मारायची याची त्याची अक्कल, देखरेख. न्यायालयंही असंच बघतात. मग देखरेखीची किंमत कशी काढायची? आमच्या भागात बाग वाट्यानं किंवा ठोक्यानं देतात, त्या कराराच्या अटी गावात विचारून मिळतात. खांद्यावर पडलेलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला बाजारात काय पडतं, हा प्रश्न विचारायचा. घरातल्या बाईच्या कामालाही हीच रीत लागते. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार आहे: घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. हा आकडा मी वर्गात सांगितला की पोरी हसायच्या आणि पोरं वहीत बघायची.

जिथे कायद्यानंच दर ठरवलाय तिथे नाक खुपसू नका. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल नाही आलं तर १५ टक्के व्याज, हे ऊस नियंत्रण आदेशातच आहे. त्याला अर्थतज्ज्ञ लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो. एका वकिलानं मला तेवढ्यासाठी अहवाल मागितला होता. फी मिळाली असती, पण पुढच्या वेळी त्याच कोर्टात माझ्याकडे कसं बघितलं गेलं असतं?

जास्त गुंतलो ते पुराच्या प्रकरणात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. पेठेतलं एक घरगुती उपकरणांचं दुकान छातीभर पाण्यात होतं. मालाचा विमा मिळाला, नफ्याच्या नुकसानीवरून विमा कंपनीशी वाद लागला. दुकानदाराचं म्हणणं, सहा महिने धंदा बसला. मला चार वर्षांच्या विक्रीच्या वह्या आणि जीएसटीचे कागद दिले.

अशा कामात विचारायचा प्रश्न एकच: पूर आला नसता तर काय झालं असतं? मी आधीच्या वर्षांची महिनावार विक्री मांडली. दुकान सव्वा महिना बंद होतं, ते नुकसान उघड. पण ऑक्टोबर उघडला आणि आकडे बघून मी वही दोनदा तपासली. त्या दिवाळीची विक्री चारही वर्षांतली सगळ्यात जास्त. कारण सोपं होतं. अर्ध्या गावाचे फ्रीज, मिक्सर, गिरण्या पाण्यात गेलेल्या, सगळे एकदमच नवे घ्यायला निघाले. पुरानं नेलं त्यातलं बरंचसं पुरानंच परत आणून टाकलं होतं. शिवाय पुराच्या आधीच्या एप्रिल-मेपासूनच विक्री उतरणीला लागली होती, तिचा दोष कृष्णेला कसा देणार?

दुकानदार माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. "सर, तुम्ही आमच्याकडून आहात का कंपनीकडून?" म्हणाले. मी सांगितलं की सव्वा महिन्याचा आकडा मी कुठेही उभा राहून सांगीन, सहा महिन्यांचा सांगणार नाही, आणि दिवाळीचा महिना अहवालातून गाळणारही नाही. त्यांचं घर मला माहीत होतं, पाणी ओसरल्यावर गाळ काढायला आमच्या कॉलेजची पोरं तिथे गेली होती. वाईट वाटलं. फाइल त्यांनी परत नेली, राहिलेली निम्मी फी आली नाही. मी मागितली नाही, ही चूक. काम मी पूर्ण केलं होतं.

या ठिकाणी तुम्ही म्हणाल, की मग एकाच आकडेवारीवरून दोन बाजूंचे तज्ज्ञ उलटसुलट बोलतात ते कसं? खोटेपणानंच होतं असं नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांवरचा खटला २०१८ मध्ये चालला तेव्हा विद्यापीठाकडून डेव्हिड कार्ड आणि विरोधात ड्यूक विद्यापीठाचे पीटर आर्सिडियाकोनो उभे होते. कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. दोघांकडे अर्जांची माहिती तीच. पण खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं असे खास अर्जदार हिशेबात धरायचे की नाही, आणि विद्यापीठानंच दिलेले व्यक्तिमत्त्वाचे गुण धरायचे की नाही, इथे वाटा फुटल्या. कार्ड यांनी ते धरले, आर्सिडियाकोनो यांनी वगळले. आशियाई मुलांवर अन्याय होतो की नाही याचं उत्तर तिथेच पालटलं. खालच्या कोर्टात कार्ड यांची बाजू टिकली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठ हरलं. वर्गात मी हे मुलांना सांगायचो तेव्हा एक विचारायचा, "सर, मग खरं कोण?" मी म्हणायचो, आधी हे सांग की व्यक्तिमत्त्वाचे गुण देणारा माणूसच दुजाभाव करत असेल, तर ते गुण धरल्यानं दुजाभाव दिसेल का झाकला जाईल? मग अर्धा तास वर्ग पेटायचा.

आपण कोणता रकाना धरला, कोणता सोडला आणि का, हे अहवालात पहिल्या पानावर लिहा. समोरच्यानं शोधून काढायच्या आत. मी तर पुढे पुढे दोन्ही आकडे द्यायला लागलो: हा महिना धरला तर इतके, सोडला तर इतके, मला पहिला बरोबर वाटतो, कारण हे. वकिलांना हे आवडत नाही. न्यायाधीशांना आवडतं.

तुम्ही लिहिलेलं सगळं लोक वाचतात, हेही ध्यानात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात १९९९ मध्ये कंपनीतर्फे एमआयटीचे रिचर्ड श्मालेन्सी साक्षीला होते. उलटतपासणीत त्यांच्यापुढे त्यांचाच १९८२ चा लेख ठेवला गेला, ज्यातलं म्हणणं त्यांच्या साक्षीच्या उलट जात होतं. सरकारकडून उभे होते फ्रँकलिन फिशर, श्मालेन्सींचे पीएचडीचे गुरू. आणि हेच फिशर आधीच्या आयबीएमच्या खटल्यात, जो सरकारनं १९८२ मध्ये मागे घेतला, कंपनीच्या बाजूनं होते. तुम्ही म्हणाल ते बोस्टन-वॉशिंग्टनचं, साताऱ्यात कोण बघतंय? ताई, तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, आहे. मराठीत नाव टाकलं तरी निघतो. मला एकदा माझ्याच प्रबंधाचं पान दाखवून विचारलं होतं, की इथे तुम्ही ऊस उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरली नाही आणि आज धरताय, हे कसं? उत्तर होतं माझ्याकडे. प्रबंधात मी ए-२ खर्च, म्हणजे फक्त खिशातून गेलेला खर्च, घेतला होता, अहवालात ए-२ अधिक घरची मजुरी, कारण प्रश्न वेगळा होता. पण ते आधीच अहवालात एका ओळीत लिहिलं असतं तर दहा मिनिटं घाम फुटला नसता. आपलं जुनं लिखाण साक्षीच्या आधी एकदा वाचून काढा. वाचताना लाज वाटली तर चांगलंच आहे.

बाकीचं भरभर सांगतो. संस्थेची परवानगी लेखी घ्या, प्राचार्य तोंडी "करा की" म्हणाले तरी. सीएचबीवर असलात तरी घ्या. उलटतपासणीत "कायम नोकरीत आहात का?" हा खवचट प्रश्न येणार. "नाही" म्हणायचं आणि गप्प बसायचं, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फी ठरावीक रकमेची, निम्मी आधी. "निकाल लागला की टक्केवारीनं बघू, सर" असं कुणी म्हणालं तर फाइल उघडू नका. निकालावर फी घेणाऱ्या साक्षीदाराचं मत कवडीचं नसतं, आणि पैसे किती घेतले हा समोरच्यांचा अगदी सुरुवातीचा प्रश्न असतो. आकडा लगेच सांगायचा. किती घ्यावेत? मी माझ्या दिवसांचा हिशेब लावायचो: कागद वाचायला किती दिवस, बाजारात किती, लिहायला किती. तारखेला नुसतं जाऊन बसायचे पैसे वेगळे, कारण पाच तारखांपैकी चार पुढे ढकलल्या जातात.

सरतपासणी हल्ली शपथपत्रावर होते, त्यामुळे पिंजऱ्यात तुमच्या वाट्याला बहुतेक उलटतपासणीच येते. अहवाल मराठीत लिहा. जिल्हा न्यायालयाचं कामकाज मराठीत चालतं आणि 'प्रतिगमन' (इंग्रजीतलं रिग्रेशन) हा शब्द वकील, साहेब, पक्षकार यांच्यापैकी कुणालाच कळत नाही, खरं तर आपल्यालाही नाही. पुराच्या केसचा अहवाल लिहिताना मी वाक्य केलं होतं: दरसाल विक्री ज्या चालीनं चालली होती, त्याच चालीनं पूर नसता तर किती झाली असती, ते काढलं आहे. तेवढं पुरतं. ४२ पानांवरून मी ११ वर आलो. आणि मला कोणते कागद मागूनही मिळाले नाहीत, हा एक परिच्छेद कधी चुकवला नाही.

आता मामा.

तुम्ही साक्ष देऊ नका. भाची म्हणून नव्हे तर तज्ज्ञ म्हणून उभ्या आहात हे तुम्ही कितीही सांगितलं, तरी पहिल्या प्रश्नाला "मयत आजोबांच्या वारसांत तुमच्या आईचं नाव आहे का?" असं आलं की पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. असेल तर तुमचा हितसंबंधच निघाला. नसेल तरी आकडा मामांच्या घरचाच ठरतो. पहिल्याच प्रकरणात असा डाग लागला तर पुढची प्रकरणं यायची नाहीत.

पण मदत पुष्कळ करता येईल. एक, हायवेची जमीन राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली गेली असेल तर मोबदल्याचा वाद दिवाणी कोर्टात नव्हे, लवादापुढे जातो. तिथे पुराव्याचे नियम सैल असतात, म्हणून लोक कागद सैल ठेवतात. तिथे कच्चं राहिलेलं वर कोर्टात गेल्यावर पक्कं होत नाही. दोन, मामांच्या मनात आल्याच्या (अद्रकाच्या) पिकाचा हिशेब असणार. २०२३ साली आल्याच्या गाडीला जो भाव मिळाला तो धरून दहा वर्षांचं उत्पन्न मांडायचं म्हणतील. गाडी म्हणजे ५०० किलो हे लवादाला समजावून सांगावं लागेल ते वेगळंच, पण आलं त्याच रानात दरसाल घेत नाहीत, आणि भाव एका वर्षी वर तर दुसऱ्या वर्षी काढणीचा खर्च निघत नाही. शिवाय आताच्या २०१३ च्या कायद्यानं जमिनीची किंमत मुख्यतः आधीच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून निघते, त्यांतल्या जास्त भावाच्या निम्म्या खतांची सरासरी घेऊन. तेव्हा आल्याच्या मागे लागू नका. दुय्यम निबंधकाकडून आजूबाजूची खरेदीखतं काढा.

तीन, आणि इथे खरा पैसा आहे. गेलेले १७ गुंठे सोडा, राहिलेलं रान बघा. विहीर रस्त्याच्या कुठल्या बाजूला राहिली? पाइपलाइन तुटली का? बैलगाडी, ट्रॅक्टर पलीकडे न्यायला आता किती फेरा पडतो? जमीन तुटक झाल्यानं उरलेल्या क्षेत्राचं जे नुकसान होतं त्याची भरपाई कायद्यात आहे, आणि तिची मागणी बहुतेक शेतकरी करतच नाहीत, कारण निवाड्याच्या तक्त्यात तो रकाना कोरा आलेला असतो. बागायत रान विहिरीपासून तुटून जिरायत झालं तर दोन्हींच्या खंडात एकरी किती फरक पडतो, हे गावात चार जणांना विचारून लिहून घ्या, नाव-गाव-तारखेसकट. हा अहवाल दुसऱ्या कुणी तरी लिहू दे. कागद तुम्ही गोळा करा, आणि जुन्या पट्ट्या मामींनी चुलीत घातल्या नसतील अशी आशा करू. घातल्या असतील तर अडत्याच्या वहीत नोंद असते. दिवाळीनंतर जुन्या वह्या माळ्यावर जातात, त्याच्या आत गाठा त्याला.